पहिला प्रश्न कोण विचारणार?



आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहाच्या आधीच सुप्रभात सुरू होतं. भगवंतांचे फोटो, आजची तिथी, कोणत्या तीर्थंकरांचं कल्याणक, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या निधनाची बातमी, मध्येच एखादी पापड-सांडग्यांची जाहिरात. दिवसाला शंभर मेसेज सहज होतात. पण या शंभरात कुणी स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एक वाक्य शोधून बघा. कुणी खरोखर काही विचारलंय का, ते बघा. आठवडाभर मागे गेलात तरी सापडेल याची खात्री नाही.

यावरून लोक निष्कर्ष काढतात, की आपल्या बायकांना चर्चा नकोच असते. मला हे मुळीच मान्य नाही. त्याच बायका स्वाध्याय संपल्यावर बस्तीच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता काय बोलतात, ते ऐका. मधुमेहाची गोळी चालू आहे, दशलक्षणात दहा उपवास धरावेत का? सून कामावरून रात्री साडेआठला येते, तिचं जेवण सूर्यास्तापूर्वी कसं व्हायचं? मुलगा परदेशात आहे, कांदा-बटाटा टाळणं जमत नाही म्हणतो, त्याला काय सांगायचं? पाळीच्या दिवसांत फोनवर प्रवचन ऐकलं तर चालतं का? किती खरे प्रश्न आहेत हे! आणि यातला एकही ग्रुपवर येत नाही.

का येत नाही? मला जी कारणं दिसतात ती सांगते.

पायरीवर विचारलेलं दोघी-तिघींच्या कानांवर जातं. ग्रुपवर मात्र सासूबाई असतात, नणंद असते, मुलीच्या सासरची माणसं असतात, पंडितजीही असतात. त्यामुळे प्रश्नाच्या आधी विचारणारीच्या घराचीच चर्चा होते. 'मुलांना रात्री भूक लागली तर काय द्यावं?' एवढंच एखादीनं विचारलं, तरी 'म्हणजे यांच्याकडे रात्री खातात वाटतं' हे चार घरांत पोहोचलेलं असतं. त्यात आता स्क्रीनशॉट. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं फिरत राहतं. हे ओळखूनच बाई गप्प बसते, आणि तिच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं.

दुसरं कारण वयाचं आहे. पाठशाळेतली मुलगी काहीही विचारते, तिचं कौतुक होतं. साठीच्या बाईनं तेच विचारलं तर, 'इतकी वर्षं बस्तीत जाता आणि एवढं माहीत नाही?' झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती मूठ आयुष्यभर झाकलेलीच राहते. शुद्धलेखनाची धास्ती वेगळीच. बोलताना आपण भडाभडा बोलतो, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ आठवतं आणि लिहिलेलं पुसून टाकावंसं वाटतं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ते म्हणजे उत्तर न येण्याचं भय. एखादी धीर करून लिहिते. निळ्या खुणा दिसतात, म्हणजे सगळ्यांनी वाचलंय. तासभर कुणीच काही बोलत नाही. मग कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकते, पाठोपाठ पन्नास शुभेच्छा येतात आणि तो प्रश्न त्यांच्याखाली गाडला जातो. टीका सोसता येते, कारण निदान कुणी दखल तरी घेतलेली असते. ही शांतता सोसत नाही. जिच्या वाट्याला ती एकदा आली ती पुन्हा लिहीत नाही, आणि जिनं दुरून पाहिली तीसुद्धा लिहीत नाही.

फॉरवर्ड मात्र धो-धो येतात, कारण फॉरवर्ड म्हणजे उसनी साडी. कुणी नावं ठेवली तर 'माझी नाही बाई' म्हणायची सोय आहे. स्वतःचं वाक्य लिहिलं की ती सोय संपते.

हे फक्त आपल्यातच होतं असंही नाही. जेकब नील्सन या अभ्यासकानं २००६ साली ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता. शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि उरलेला एकच बहुतेक सगळं लिहितो. गप्प बसण्याचं कारण सांगणारा एक प्रयोग त्याहून जुना आहे. १९६८ साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना खोलीत बसवून भिंतीतून धूर सोडला. एकटं बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवून ठेवली, तेव्हा फक्त १० टक्के लोक उठले. बाकीचे धुरात डोळे चोळत बसून राहिले. शेजारचा शांत आहे म्हणजे काही विशेष नसेल, असं प्रत्येकाला वाटलं. आपल्या ग्रुपवर नेमकं हेच होतं. कुणीच विचारत नाही म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, न कळणारी आपण एकटीच, असं प्रत्येकीला वाटत राहतं.

आता कुणी म्हणेल, गप्प राहिल्यानं काय बिघडतं? बिघडतं. माझ्या माहितीतल्या एका मावशींनी मधुमेहाची गोळी तशीच चालू ठेवून उपवास धरले. पोटात अन्न नाही आणि गोळीचं काम मात्र चालू. तिसऱ्या दिवशी घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या पडल्या. दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच ग्रुपवर त्यांच्याच गल्लीतल्या एक वहिनी होत्या. त्यांनाही मधुमेह. त्यांनी आदल्या वर्षीच डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा बदलून घेतली होती आणि उपवासाऐवजी एकाशन केलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण 'दहा उपवास झेपले नाहीत' असं लोक म्हणतील. मावशींनी विचारलं नव्हतं, कारण 'उपवास टाळायला निमित्त शोधते' असं लोक म्हणतील. प्रश्न आणि उत्तर एकाच गल्लीत, एकाच ग्रुपवर होते. रोज सकाळी दोघी एकमेकींना सुप्रभात पाठवत होत्या.

काही जणी म्हणतात, आपल्या धर्मात मौनाला मोठं स्थान आहे, वचनगुप्ती सांगितली आहे, मग न बोललेलंच बरं. मौनाबद्दल मला आदर आहे. पण मौन म्हणजे वाणीवर आपला ताबा, आणि भीतीनं गप्प बसणं म्हणजे आपल्यावर भीतीचा ताबा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. गुप्तीच्या जोडीला भाषा समितीही सांगितलेली आहे. म्हणजे बोलायचंच नाही असं नाही. हिताचं, मोजकं आणि कुणाला न दुखवता बोलायचं.

आणि विचारण्याचं स्थान तर फार वरचं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पृच्छना म्हणजे विचारणं. वाचण्यानंतर लगेच त्याचाच क्रम लागतो. शिवाय स्वाध्याय हा अंतरंग तपातला एक प्रकार. म्हणजे शंका विचारणं हेही उपवासासारखं तपच झालं. आपण उपवासांची पत्रिका काढतो, पारण्याला नातेवाईक बोलावतो. पृच्छनेचं कौतुक कधी करतो का?

आपल्या दिगंबर परंपरेतली कथा तुम्हाला ठाऊकच आहे. महावीर भगवंतांना केवलज्ञान झालं, तरी ६६ दिवस दिव्यध्वनी खिरली नाही, कारण गणधर नव्हते. मग इंद्र म्हाताऱ्याचं रूप घेऊन इंद्रभूती गौतमांकडे गेला आणि एका श्लोकाचा अर्थ विचारला. तो सांगता येईना म्हणून गौतम विपुलाचलावर समवसरणात आले आणि मग दिव्यध्वनी सुरू झाली. तो दिवस आपण वीरशासन जयंती म्हणून पाळतो, आपल्या पंचांगात आषाढ वद्य प्रतिपदा. ही कथा ऐकताना मला दर वेळी वाटतं, की एवढा मोठा विद्वान तिथवर पोहोचला तो एका अडलेल्या प्रश्नाच्या मागे. आपली पुराणंसुद्धा श्रेणिक राजानं गौतमांना विचारलं, म्हणून सांगितली गेली. श्वेतांबर भगिनींच्या भगवतीसूत्रात तर कौशांबीची जयंती श्राविका खुद्द भगवंतांना विचारते, झोपणं चांगलं की जागं राहणं? वरवर किती साधा प्रश्न! पण तिला कुणी हसलं नाही. धर्मानं वागणाऱ्यांनी जागं राहणं चांगलं आणि अधर्मानं वागणाऱ्यांनी झोपलेलं चांगलं, असं उत्तर तिला मिळालं.

चर्चेची भीती ग्रुप चालवणाऱ्यांनाही असते. 'येथे चर्चा करू नये' अशी पाटीच लावलेली असते. कुणी काही भलतंच लिहिलं तर ॲडमिनला पोलीस धरतील, असंही ऐकवलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरात ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीचा संगनमताचा बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तिच्यावर त्याची जबाबदारी येत नाही. पंथावरून, महाराजांवरून भांडणं होतात हे मात्र खरं आहे. त्यावर बंदी जरूर घाला. 'माझ्या आचरणात मला अडचण आहे' हे विचारायला मोकळीक आणि 'तुमचं आचरण चुकतंय' हे सांगायला मनाई, एवढा एक नियम पुरेसा आहे.

आता माझं खरं म्हणणं. आपण नेहमी सांगतो, बायकांनी धीटपणे पुढे यावं, विचारावं. सगळा भार त्या पहिलीवरच! मला वाटतं, ग्रुप जिवंत राहतो तो दुसरीमुळे. पहिलीनं विचारल्यावर दहा मिनिटांत जी लिहिते, 'मलाही हेच विचारायचं होतं', तिच्यामुळे. या एका वाक्यानं पहिली एकटी राहत नाही. मग तिसरी येते, चौथी येते. उत्तर माहीत नसलं तरी हे वाक्य लिहिता येतं. त्याला विद्वत्ता लागत नाही, शुद्धलेखनही लागत नाही.

म्हणून या चातुर्मासात आपण तीन गोष्टी करून बघूया. कुणाचा प्रश्न आला की त्यावर नुसते हात जोडल्याचं चिन्ह टाकू नका, एक ओळ लिहा. प्रश्न अनुत्तरित असेपर्यंत त्याच्यावर फॉरवर्ड टाकू नका, केकला संध्याकाळपर्यंत थांबता येतं. आणि प्रत्येक मंडळानं एक विश्वासाची ताई ठरवावी. जिला नावानिशी विचारायचा संकोच वाटतो, तिनं प्रश्न त्या ताईंना कळवावा आणि ताईंनी नाव न सांगता ग्रुपवर ठेवावा. औषधपाण्याचा प्रश्न असेल तर उत्तर डॉक्टरांकडूनच घ्यायचं. पण 'आधी डॉक्टरांना विचारा, मीही विचारलं होतं' एवढं सांगणारी मैत्रीण तरी भेटेल.

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. आपल्या बायकांकडे अनुभवाचे गहू पोत्यांनी भरलेले आहेत. ते पोत्यांतच किडू नयेत, एवढंच वाटतं.

माझं हे सगळ्यांना पटेलच असं नाही. पटलं नाही तर कुठे पटलं नाही, ते विचारा. मी उत्तर देईन, आणि मला ठाऊक नसेल तर निदान 'मलाही हाच प्रश्न पडलाय' असं नक्की लिहीन.