‘काही होत नाही, पचतं त्यांना’

हे वाक्य गेल्या पावसाळ्यात तीन दिवसांत मी सात-आठ जणांच्या तोंडून ऐकलं. त्यातली पहिली मी स्वतः होते.

आमची बुंदी चार वर्षांची आहे. चौदा किलोची, देशी, पुण्याच्या रस्त्यावरून उचलून आणलेली. त्या संध्याकाळी घरी कणसं भाजली होती. दाणे खाऊन उरलेली कणसं, शिळा भात, दह्याचा डबा, टिश्यू, सगळं आम्ही एका काळ्या पिशवीत कोंबलं, पिशवीला गच्च गाठ मारली आणि दाराबाहेर ठेवली. सकाळी कचरा न्यायला ताई येतात, त्यांच्यासाठी. रात्री बुंदीला फिरायला नेताना मी चप्पल घालत होते, तेवढ्यात तिनं पिशवी फाडली. मी ओरडले, ती पळाली, मी मागे धावले. मी जवळ पोचते आहे असं दिसताच तिनं तोंडातला कणसाचा तुकडा न चावता गिळून टाकला.

‘काही होत नाही, पचतं त्यांना,’ मी आईला म्हणाले. खरं तर घाबरले होते, म्हणूनच म्हणाले.

मग सल्ले सुरू झाले. दादानं फोनवर सांगितलं, मिठाचं पाणी पाज, उलटी होऊन बाहेर येईल. आई म्हणाली, दूध-भात दे, त्याबरोबर सरकेल. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘अगं, उकिरड्यावरची कुत्री काय काय खातात, त्यांना कधी डॉक्टरकडे नेलेलं पाहिलंयस?’ आम्ही मिठाचं पाणी पाजलं. थोडा फेस आला, कणीस आलं नाही. दुसऱ्या दिवशी बुंदी जरा खेळली, थोडं खाल्लं. ‘बघ, काही झालं नाही,’ असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती प्यायलेलं पाणीही ओकायला लागली. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून, नमाज पढल्यासारखी बसून राहिली. तेव्हा आम्ही गेलो.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘मीठ किती पाजलंत?’ आम्ही मीठ पाजल्याचं सांगितलंही नव्हतं. त्यांना विचारावं लागत नाही, इतकं ते नेहमीचं आहे.

एक्स-रेत कणीस नीट दिसलं नाही, सोनोग्राफीत दिसलं. पोट उघडावं लागलं. कणीस लहान आतड्यात अडकलं होतं आणि तिथलं चार बोटं आतडं काळं पडलं होतं. तेवढं कापून उरलेली दोन टोकं शिवली. बुंदी वाचली. बिल माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढं झालं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या रात्रीच फोन केला असतात तर कणीस पोटातच होतं, कदाचित न कापता निघालं असतं.

हा लेख त्या ‘कदाचित’बद्दल आहे. आणि माझं म्हणणं सरळ आहे. कुत्र्यानं कचऱ्यातलं काही गिळलं की आपण दोषी ठरवतो कुत्र्याला, हावरट म्हणून. पण दोन्ही चुका आपल्या असतात. पहिली चूक गाठ मारताना होते, दुसरी वाट बघताना. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे. वस्तू नजरेआड झाली की ती आपली उरत नाही. पिशवीत गेली, संपली. पोटात गेली, संपली.

आधी दुसऱ्या चुकीचं बोलू, कारण तिथे वेळ कमी असतो.

‘थांबून बघू’ हा सल्ला सुज्ञ वाटतो, पण बऱ्याच वस्तू थांबणाऱ्यालाच फसवतात. मक्याचं कणीस पचत नाही. ते कधी कधी कित्येक दिवस जठरात निवांत पडून राहतं आणि मग आतड्यात जाऊन पाचर मारतं. आंब्याच्या कोयीचंही तसंच. उंदीर मारायच्या काही औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, पण कुत्रं दोन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसतं. रक्तस्राव नंतर सुरू होतो. त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. उलट शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल अर्ध्या-एक तासातच कुत्र्याची रक्तातली साखर पाडू शकतं. रिमोटमधला चपटा बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भोक पाडतो. म्हणजे लक्षणं दिसली की जाऊ, या वाक्यात काही वेळा उशीर आधीच झालेला असतो.

आता घरगुती उपाय. मिठाचं पाणी पाजून उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं. रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, कुत्रं मरूही शकतं. म्हणजे गिळलेल्या वस्तूनं नाही, आपल्या उपायानं. घशात बोटं घालून कुत्र्याला उलटी होत नाही, बोटं मात्र चावली जातात. दुधानं विष ‘मरत’ नाही. काही विषं तर स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त शोषली जातात. झिंक फॉस्फाइड हे आपल्याकडचं नेहमीचं उंदराचं औषध पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी वायू तयार करतं. वर दूध-भात दिला की आम्ल आणखी सुटतं. कुत्रं ओकलं तर तो वायू घरातल्या माणसांनाही बाधतो, म्हणून लगेच खिडक्या उघडायच्या आणि ओकारीपासून लांब राहायचं.

आणि गूगल? रात्री अकराला मी शोधलं तेव्हा अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राचा नंबर आला आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पाजा असं आलं. तिथेही ते डॉक्टरला विचारून, कुत्र्याच्या वजनाच्या हिशेबानंच देतात, तरी जठराला जखमा होऊ शकतात. आपल्या केमिस्टकडच्या बाटलीत ते अनेकदा ६ टक्के असतं. वाचून घाईघाईत पाजणारा माणूस बाटलीवरचा आकडा कधी बघतो?

शिवाय काही वस्तू उलटीवाटे काढायच्याच नसतात. टोकदार हाड, काच, सुई येताना पुन्हा फाडत येते. टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड येताना पुन्हा जाळतं. रॉकेल फुप्फुसात जातं. कुत्रं पेंगत असेल, झटके येत असतील तर ओकारी श्वासनलिकेत जाते. उलटी करवायची की नाही, हा निर्णय डॉक्टरचा आहे. तो घरच्या ग्रुपवर मतदानानं घ्यायचा नाही.

मग करायचं काय? मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. तोंडात वस्तू दिसली तर ओरडू नका, मागे धावू नका. हिसकावलं जाणार असं वाटलं की कुत्रं गिळतं. चिकन, चीज, तिला आवडतं ते पुढे करा आणि सौदा करा. गिळून झालं असेल तर काय, किती आणि किती वाजता हे लिहून ठेवा. वेष्टनाचा, फाटलेल्या पिशवीचा, उरलेल्या तुकड्याचा फोटो काढा. कुत्र्याचं वजन माहीत असू द्या. मग लगेच फोन करा, लक्षणांची वाट न बघता. डॉक्टर म्हणाले ‘घरी थांबा, शी तपासत राहा’, तर थांबा. पुष्कळ वस्तू खरोखरच आपोआप बाहेर पडतात. पण हे डॉक्टरनं म्हणणं आणि काकांनी म्हणणं यात फरक आहे. तोंडातून किंवा मागून दोरा, मांजा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत तो आतड्याला करवतीसारखा कापत जातो. आणि पुन्हा पुन्हा उलट्या, नुसत्या कोरड्या उबळी, ताठ फुगलेलं पोट, शी बंद, पांढुरक्या हिरड्या यांपैकी काहीही दिसलं तर फोनही न करता निघा.

आता काकांचा प्रश्न. उकिरड्यावरची कुत्री मजेत जगतात, त्यांना कुठे डॉक्टर लागतो?

आमच्या गल्लीत काळू होता. रोज रात्री पिशव्या फाडायचा, आम्ही रोज त्याला शिव्या घालायचो. बुंदीच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तो खायचा बंद झाला. दोन दिवस पार्किंगच्या कोपऱ्यात पडून होता आणि तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी त्याला उचलून घेऊन गेली. त्याच्या पोटात काय होतं ते कोणाला कळलं नाही, कारण कोणी बघितलंच नाही. उकिरड्यावर आपल्याला जी दिसतात ती पचवलेली कुत्री असतात. न पचलेली कुठल्यातरी ट्रकखाली जाऊन मरतात आणि आपल्या हिशेबात येत नाहीत. ‘पचतं त्यांना’ हे वाक्य मेलेल्यांना मोजायचं सोडून तयार झालेलं आहे.

म्हणून आता पहिल्या चुकीकडे, गाठीकडे.

कुत्र्याला प्लास्टिक आवडत नाही. त्याला पिशवीतला रस्सा आवडतो. आपण उरलेलं अन्न पिशवीत भरतो, त्याच पिशवीत ब्लेड, सेल, औषधांच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड टाकतो आणि वर गाठ मारतो. वास बाहेर येतो, तोंड आत जात नाही. मग कुत्रं, गाय, जे कोणी असेल ते पिशवीसकट खातं. चिकनचा रस्सा लागलेली फॉइल कुत्र्याच्या लेखी चिकनच असते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवा, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्या, हे घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी २०१६ मध्येच सांगितलं. महाराष्ट्रानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ मध्ये बंदी आणली. नियम आहेत. आपल्या गाठी मात्र तशाच आहेत.

‘माणसांचं बघायचं सोडून कुत्र्यांचं काय घेऊन बसलीस?’ हेही मी ऐकलं. तर माणसांचंच बघू. ती गाठ सकाळी कोण सोडतं? पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बहुतेक ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या आहेत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात चुकून त्यात जाणार नाही, एवढी साधी विनंती त्यांना मोहीम काढून करावी लागली. बुंदीचं आतडं ज्या पिशवीनं कापायला लावलं, त्याच पिशवीत आमच्याकडे येणाऱ्या ताई रोज हात घालतात. ऑपरेशनचं ऐकून त्या म्हणाल्या, ‘आता तरी वेगळा द्याल ना?’ त्या दोन वर्षं हेच सांगत होत्या. आम्ही हसून ‘हो हो’ म्हणायचो.

२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवरून घराघरात भांडणं झाली. कुत्री हटवा म्हणणारे आणि कुत्री वाचवा म्हणणारे, दोन्हीकडचे लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दाराबाहेर रात्री तीच काळी पिशवी असते. कुत्र्यांना जेवायला कोण घालतं यावर एवढी भांडणं होतात. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज, न चुकता, सेल आणि ब्लेडसकट जेवायला घालणारे आपण सगळेच आहोत.

यासाठी प्राणीप्रेमी असायची गरज नाही. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा दाराबाहेर रात्री नाही, सकाळी ठेवा. सेल, ब्लेड, औषधं वेगळ्या डबीत द्या. घरात कुत्रं असेल तर कचऱ्याचा डबा त्याला उघडता येणार नाही असा घ्या. आणि रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हे आत्ता शोधून फोनमध्ये नंबर घालून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल ठाऊक असतं. तुमच्या गावात काय आहे, ते कुत्र्यानं गिळल्यावर शोधू नका.

आमच्याकडे तीन डबे आहेत आता. बुंदी अजूनही त्यांच्यासमोर जाऊन बसते, शेपूट हलवते, माझ्याकडे बघते. तिच्या पोटावर टाक्यांची रेघ आहे, तिथे केस नीट उगवले नाहीत. खालचे काका परवा तिला पोळी देताना म्हणाले, ‘बघ, झाली ना बरी? पचतं त्यांना.’

मी त्यांना रेघ दाखवली आणि त्यांच्या दाराबाहेरच्या पिशवीत काय काय आहे, ते विचारलं.