कुळाची वही आणि वस्तीची वही

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन साले आठवतात : १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, हे आपण शाळेत शिकलो आणि नातवंडांनाही शिकवतो. पण त्या सुरतेत राहिलेली माणसे कोण होती, कुठून आली होती, त्यांच्या मागे कोण उरले, हे आपण फारसे विचारीत नाही. परक्यांविषयी तर नाहीच, पण आपल्याविषयीही नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला आज थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे.

सुरतेच्या कतारगाम दरवाजापाशी इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. तेथली सर्वांत मोठी इमारत घुमटाची, दुमजली आणि मुसलमानी धर्तीची असल्यामुळे ती एखाद्या नबाबाची वाटावी. प्रत्यक्षात ती ऑक्झेंडन नावाच्या दोन भावांची समाधी आहे. धाकटा ख्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला. त्याच्या स्मृतिलेखात आयुष्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेत मांडलेला आहे. थोरला सर जॉर्ज ऑक्झेंडन १४ जुलै १६६९ रोजी सुरतेतच वारला. १६६४ च्या जानेवारीत महाराजांची स्वारी आली तेव्हा इंग्रज वखारीचे दरवाजे बंद करून खंडणी नाकारणारा प्रेसिडेंट तो हाच.

हा गृहस्थ मूळचा कोठला, हे आज कोणालाही सांगता येते. इंग्लंडमधील केंट परगण्यात विंगहॅम नावाचे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये ६ एप्रिल १६२० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. सर जेम्स ऑक्झेंडन यांचा तो तिसरा मुलगा, आणि डीन ही त्यांची गढी त्याच गावच्या हद्दीत. त्या चर्चचे खांब दगडी नसून लाकडी आहेत, आणि आत १६८२ सालचे या घराण्याचे मोठे स्मारक आहे. आडनावात ‘ऑक्स’, म्हणजे बैल, म्हणून स्मारकाच्या चार कोपऱ्यांत बैलांची चार काळी मुंडकी बसविली आहेत. पुढे १६७४ च्या जूनमध्ये रायगडावरील राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून ज्याने टिपून ठेवला, तो हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला. केंटमधले एक खेडे अशा रीतीने आपल्या इतिहासात दोनदा डोकावून जाते.

आता उलट प्रश्न विचारू. त्या जानेवारीत महाराजांबरोबर सुरतेस गेलेल्या हजारो स्वारांपैकी किती जणांचे जन्मगाव आणि जन्मदिन आपल्याला सांगता येईल? फार लांब कशाला जावे, खुद्द महाराजांचे जन्मवर्ष १६२७ की १६३० हा वाद आपल्याकडे किती वर्षे चालला! १६३० च्या बाजूचा मोठा पुरावा निघाला तो भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ती जेधे शकावली प्रसिद्ध केली. कोणा एका घराण्याने आपल्या पेटीत जपलेल्या चार पानांनी साऱ्या महाराष्ट्राचा इतिहास दुरुस्त केला. घरातला कागद म्हणजे रद्दी, असे समजणाऱ्यांनी हे एकच उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

इंग्रजांकडे हे कसे साधले? त्यात त्यांच्या बुद्धीची काही जादू नाही. एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला ते ‘पॅरिश’ म्हणतात. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर आठवड्यास एका वहीत करावी. वही पेटीत ठेवावी, पेटीला दोन कुलपे असावीत, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी गावच्या कारभाऱ्यांकडे राहावी. लोक कुरकुरले. हे नव्या कराचे निमित्त आहे, अशी कुजबुज झाली. तरी वही चालू राहिली. साठ वर्षांनी, १५९८ मध्ये, कागद टिकत नाही म्हणून जुन्या नोंदी चामड्याच्या पानांवर उतरवून घ्याव्यात आणि दरसाल एक नक्कल बिशपकडे पाठवावी, असे ठरले. या वह्यांतही खाडे आहेत. यादवी युद्धाच्या वर्षांत कित्येक गावांची पाने कोरीच राहिली, काही वह्या जळाल्या, काही उंदरांनी खाल्ल्या. परंतु त्या वहीचा एक गुण असा की, तिच्यात गढीतला सरदार आणि शेतावरचा मजूर एकाखाली एक येतात. ती कुळाची वही नसून गावाची आहे.

अशा वहीवरून जिवंत इतिहास कसा लिहावा, हे श्रॉपशायरमधील मिडल या खेड्यातल्या रिचर्ड गॉफ नावाच्या वृद्ध गृहस्थाने दाखवून दिले. १७०० च्या सुमारास, वयाच्या पासष्टीत, तो गावचा इतिहास लिहावयास बसला. राजे आणि लढाया यांपासून त्याने सुरुवात केली नाही. चर्चमध्ये कोणत्या बाकावर कोणते घराणे बसते याचा नकाशा घेतला आणि एकेका बाकापाशी थांबून त्या घराची हकीकत सांगितली. कोणी शेत विकले, कोणाची मुलगी कोठे दिली, कोण दारूपायी बुडाला, कोणाचा मुलगा लंडनला जाऊन नशीब काढून आला, सगळे त्यात आहे. आज तीनशे वर्षांनी विद्वान मंडळी ते पुस्तक आदराने वाचतात, कारण एका खेड्याचे तोंड इतक्या जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल.

आपल्याकडे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणज्यांच्या सह्या सापडतात. गेल्या शतकात घराण्याघराण्यांनी कुलवृत्तांत छापले. त्यामागे केवढे कष्ट आहेत, हे ज्याने एक तरी वंशवृक्ष जुळविला आहे तोच जाणे. रियासतकार सरदेसाई याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असताना रियासतीच्या कामाला लागले, ही आपल्या शहराला भूषणाची गोष्ट आहे.

तरीही एक उणीव बोलून दाखविली पाहिजे. आपला कुलवृत्तांत आडनावाच्या मागे धावतो, जागेच्या मागे नाही. घराण्याचा एक पुरुष सोनगडला, दुसरा नवसारीला, तिसरा सुरतेला राहिला, एवढे त्यात कळते. पण सुरतेत तो कोणत्या मोहल्ल्यात राहिला, शेजार कोणाचा, दूध कोणाकडून घेई, त्याच्या मुलांना शिकविले कोणी, हे कळत नाही. आणि स्त्रिया? आमच्या घराण्याची वंशावळ माझ्याजवळ आहे. नऊ पिढ्यांत एकही स्त्रीचे नाव नाही. माझी आजी नवसारीची लेक. लग्नात तिचे नाव बदलले, आणि तिचे माहेरचे नाव आज आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही. ज्या बाईने आमच्या तीन पिढ्या वाढविल्या तिची ही गत, तर धुणेभांडी करणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार?

सुरतेच्या बाबतीत ही उणीव जास्त जाणवते. तेथील मराठी वस्ती म्हणजे दोन लुटींची आठवण नव्हे. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला बस्तान बसविले तेव्हापासून तापीकाठी मराठी माणसांची ये-जा आहे. अठराव्या शतकात सुरतेच्या चौथाईची वसुली पेशवे आणि गायकवाड यांचे अंमलदार करीत. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी तो हक्क इंग्रजांना सोडून दिला, पण हक्क सुटला म्हणून काही सारी घरे उठून गेली नसतील. शेजारचा नवसारी प्रांत तर १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत गायकवाडीतच होता. तेथे कारकून, शिक्षक, वैद्य म्हणून गेलेली कुटुंबे पुढे सुरतेत स्थिरावली. या घरांची वस्तीवार नोंद करून ठेवणारी वही माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

आणि आता जे लिहितो ते काही वाचकांना कदाचित रुचणार नाही. आजच्या सुरतेतील बहुसंख्य मराठी माणूस आपल्यासारख्या जुन्या घरांतला नाही. तो खानदेशातून, जळगाव, धुळे, नंदुरबारकडून, ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आलेला आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत तो राहतो, लूमवर आणि रंगाईच्या कारखान्यात राबतो, घरात अहिराणी बोलतो. त्याच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी शाळा चालविते. आपल्या समारंभांत त्याला बोलावणे क्वचितच जाते. ‘ते निराळे, आपण निराळे’, असे मी चांगल्या सुशिक्षित घरांत ऐकले आहे. आपले पूर्वजही एके काळी गायकवाडांच्या मागून पोटासाठी आलेले परमुलखीच होते, हे आपण विसरलो. फरक एवढाच की ते घोड्यावर आले आणि हा रेल्वेने आला. तापी नदी खानदेशातूनच सुरतेस येते, आणि तिला कोणी उपरी म्हणत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कुळाची वही पुष्कळ लिहून झाली, आता वस्तीची वही लिहावी. बडोद्यात वाड्यावाड्याने, सुरतेत आणि नवसारीत गल्लीगल्लीने. एका गल्लीला एक वही. प्रत्येक घरास दोन पाने : मूळ गाव कोणते, येथे कोणत्या साली आले, कशासाठी आले, काम काय, घरातील प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव आणि गाव, मुली कोठे दिल्या, जुने कागद काय आहेत. मोडी कागद असतील तर ते वाचणारा माणूस हयात आहे तोवर वाचून घ्यावेत. मराठी घर आणि गुजराती घर असा भेद वहीत नको. जे त्या गल्लीत राहिले ते त्या वहीत आले पाहिजेत.

कोणी म्हणेल, सरकारी दप्तरात जन्ममृत्यूची नोंद होतेच, १९६९ चा कायदाच आहे. ती हवीच. पण दाखल्यावरून माणूस जन्मला आणि मेला एवढेच कळते. तो शेजाऱ्याच्या अडचणीला धावला की नाही, हे दाखला सांगत नाही. दुसरा म्हणेल, घरातल्या कटकटी चव्हाट्यावर कशाला? वही छापलीच पाहिजे असे नाही. क्रॉमवेलची युक्ती उचलावी : पेटीला दोन कुलपे, आणि किल्ल्या दोन निराळ्या घरी.

वेळ मात्र फारसा नाही. १८३७ च्या मोठ्या आगीत सुरतेची हजारो घरे जळाली. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी शहरभर शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या पेट्यांतले काय काय वाहून गेले असेल ते त्या त्या घरालाच ठाऊक. आगीपुरातून जे वाचते ते पुष्कळदा घर विकताना रद्दीत जाते. आणि ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हकीकती आहेत, ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

विंगहॅमच्या त्या पाद्र्याने १६२० साली सर जॉर्जच्या नावाखाली आणखी कोणा मजुराच्या मुलाचेही नाव लिहिले असेल. पुढे कोण सुरतेस जाऊन मोठा होईल, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचे काम सगळ्यांची नावे लिहिणे एवढेच होते, आणि ते त्याने केले. तेवढेच काम आपण करावयाचे आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपैकी एकाने जरी आपल्या गल्लीची वही उघडली, तर पहिल्या पानावर आपल्या आजीचे माहेरचे नाव लिहावे. ते ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी आणि विचारावयास निघावे.