फ्लेक्सवरचे चेहरे कमी करा, अक्षरं शिका



१४ एप्रिल जवळ आला की विश्रामबाग चौकापासून मिरजेकडे जाणारा रस्ता फ्लेक्सनी भरतो. वर बाबासाहेब, खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे फोटो, निम्म्यांना काळा चष्मा. निळ्यावर लाल अक्षरं, तीही वाचता येत नाहीत. दुचाकीवरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात त्याच्या हाती काहीच लागत नाही. वर्गणी कोणी दिली एवढंच फलक सांगतो, बाबासाहेब काय म्हणाले ते सांगत नाही.

हा फक्त सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. फ्लेक्सच्या दुकानात रात्रभर कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा बऱ्याचदा आपल्याच वस्तीतला असतो. हात त्याचे, निर्णय दुसऱ्याचे. राबणाऱ्याने राबायचं आणि ठरवणाऱ्याने ठरवायचं ही विभागणी आपल्याला नवी आहे का? डिझाइन शिकणं म्हणजे ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसणं.

प्रेरणेसाठी परदेशी साइट धुंडाळण्याआधी घरचं बघा. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. अख्खी जातव्यवस्था एका चित्रात! शंभर वर्षांत त्याचं एक दणकट पोस्टर आपल्या गल्लीत का लागू नये?

दुसरं उदाहरण २०११ चं ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी कॉमिकच्या ठरीव चौकटी बाजूला ठेवून बाबासाहेबांचं जीवन आपल्या शैलीत रेखाटलं. विखारी बोलणाऱ्याच्या संवादाच्या फुग्याला विंचवाची नांगी, साध्या माणसाच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. हे कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये मिळत नाही, विचार करूनच सुचतं.

आता कौशल्याचं. सॉफ्टवेअर महत्त्वाचं, पण त्याआधी अक्षर. आपल्या कितीतरी स्मरणिका, पत्रकं, परिषदांचे ठराव जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकलेत. मजकूर कॉपी केला की अगम्य चिन्हं येतात आणि इंटरनेटवर शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. लिहिलं आपण, पण जगासाठी ते नसल्यासारखंच. मूकपणाचा हा नवा प्रकार आहे, आणि तो आपल्याच हातांनी चाललाय. त्यामुळे वेब शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एक जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये टंकून साइटवर टाकली, तर ते दहा चकचकीत लोगोंपेक्षा मोठं काम ठरेल.

फॉन्ट फुकट आणि अधिकृत मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू गूगल फॉन्ट्सवर आहेत, शिवाय ‘तिरो देवनागरी मराठी’ खास मराठी वळणाचा आहे. निवडताना ‘दुसऱ्या’, ‘शाळा’, ‘लढा’ हे शब्द टंकून बघा. ‘ऱ्या’ तुटतो का? ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे येतात की हिंदी? वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो मराठी वळण आपोआप दाखवतो. आणि अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजीत खपतं ते देवनागरीत खपत नाही.

चोरीच्या कोरल ड्रॉवर शिकण्यापेक्षा इंकस्केप, गिंप, क्रिटा शिका, तिन्ही मोफत आहेत. छपाईच्या पुस्तिकेसाठी स्क्रायबस, वेबच्या आराखड्यासाठी पेनपॉट. लॅपटॉप नसेल तर? विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डनला आपली मुलं शिकतात. सुटीच्या दिवशी विहारात चार लॅपटॉप एकत्र आले तरी वर्ग सुरू होतो. मोबाइलवरच्या कॅनव्हाने सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबलात तर सगळ्यांची पोस्टर सारखीच दिसतील (दिसतातच).

शेवटी पैशांचं, कारण ते कोणी बोलत नाही. ‘समाजाचं काम आहे, पैसे कसले मागतोस’ हे वाक्य डिझाइन करणाऱ्या प्रत्येक पोराने ऐकलंय. डीजेला मात्र आपण आगाऊ रक्कम देतो. वर्षानुवर्षं फुकट राबवलं की तो पोरगा एक दिवस जाहिरात एजन्सीत जातो आणि मग चळवळीला डिझायनर मिळत नाही म्हणून आपण बैठका घेतो. जयंतीच्या अंदाजपत्रकात डिझाइनचा वेगळा रकाना ठेवा, आगाऊ द्या, आणि मजकूर आदल्या रात्री नव्हे, आठ दिवस आधी हातात द्या.