बटण कुणाचं, बोट कुणाचं?

आमच्या सासूबाईंना काचबिंदूनं गेली सहा-सात वर्षं काहीच दिसत नाही. पण मतदान चुकवतील तर शपथ! २०१९ला त्यांना केंद्रावर हे घेऊन गेले होते. घरी आल्यावर आई दिवसभर गप्पच. रात्री भाकऱ्या थापताना मला हळूच म्हणाल्या, "दाबलं म्हणाला गं. पण काय दाबलं कुणास ठाऊक!"

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं. सकाळी हे चपला घालून तयार, तर आई म्हणाल्या, "तू नको. सूनबाई येईल." यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मैत्रिणींनो, तोवर मलाही नियम ठाऊक नव्हता. आंधळेपणामुळे किंवा शरीराच्या व्यंगामुळे ज्यांना चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्यांना केंद्राध्यक्षांच्या परवानगीनं सोबती आत नेता येतो. १९६१च्या निवडणूक नियमांत ४९-एन म्हणून तो आहे. सोबत्याचं वय अठरा पूर्ण हवं. एका दिवसात त्यानं एकाच मतदाराला मदत करायची. हे फार बरं आहे, नाहीतर आमच्या गल्लीत एकेक 'कार्यकर्ता' दहा-दहा आज्यांचा नातू व्हायला तयार असतो! शिवाय आधी लिहून द्यावं लागतं, की आज मी दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही आणि हे मत गुप्त ठेवीन. त्याची नोंद नमुना १४-ए मध्ये होते. मी सही केली आणि आईंचा हात धरून आत गेले.

आईंनी माझ्या कानात चिन्ह सांगितलं. आमच्या घराचं ठरलेलं ते नव्हतंच. माझंही नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझा हात क्षणभर थांबला. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे बघणारं कुणी नसतं आणि नसावंच. मी दुसरं बटण दाबलं असतं तरी 'बीप' तसाच वाजला असता. २०१९ला यांचंही असंच झालं असेल का, हे तेव्हा मनात आलं. मी आईंचं बोट धरून त्या बटणावर टेकवलं. म्हटलं, "आई, हे तुमचं. दाबा." शेजारच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती मी त्यांना हळू आवाजात वाचून दाखवली. त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, पण साठीनंतर दृष्टी गेलेल्या बाईला ब्रेल कुठून येणार? तिला माणूसच लागतो. मग तो माणूस कोण हे ठरवायचं कुणी? आपल्याकडे ज्याला वेळ असेल, ज्याच्याकडे गाडी असेल, तो जातो. आजीला कुणी विचारत नाही. माझं तर म्हणणं आहे, केंद्राध्यक्षांनीही "सोबत कोण आलंय?" असं न विचारता "आजी, तुम्हाला कोण हवंय?" असं थेट तिलाच विचारावं.

आणि डोळे धड असलेल्या बायकांचं काय? त्याच रांगेत एक गृहस्थ साहेबांना सांगत होते, "हिला काही कळत नाही, मी जातो बरोबर." बायको पदर सावरत उभी. साहेब चांगले निघाले. म्हणाले, "लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबती मिळत नाही." त्यांनी यंत्राचा पुठ्ठ्याचा नमुना काढून तिला कसं दाबायचं ते बाहेरच दाखवलं. बाई एकटी आत गेली आणि पटकन बाहेर आली. नवऱ्यानं विचारलं, "बरोबर दाबलंस ना?" ती म्हणाली, "हो की." एवढंच!

२०२४ला पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना नमुना १२-डी भरून घरी मत देण्याची सोय होती. आमच्या ओळखीच्या एका घरी पथक आलं, तर मुलगा, सून, जावई सगळे त्याच खोलीत, आजी मध्ये! अशा वेळी बाकीच्यांनी चहा ठेवायच्या निमित्तानं का होईना, बाहेर जावं. गुप्तता घरातही पाळायचीच असते.

आम्ही घरी आलो तसं यांनी विचारलंच, "आईनं कुणाला दिलं?" म्हटलं, "मी सही करून आलेय, सांगता येणार नाही." दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाजी आणताना यांनी पुन्हा विचारून पाहिलं. मी मेथीचा भाव सांगितला.

परवा आईंना विचारलं, "पुढच्या वेळी मलाच न्याल ना?" तर म्हणतात कशा, "बघू. तोवर नातीला अठरा पूर्ण होतील."