ड्रिलच्या आधी व्हाइस!

व्हाइस म्हटलं की आपल्याला आधी व्हाइस प्रिन्सिपल आठवतात. वर्कशॉपमधला व्हाइस मात्र कोणाच्याच लक्षात नसतो. प्रोजेक्टसाठी ग्रुपने वर्गणी काढून ड्रिल मशीन घ्यायचं ठरवलं, की मोटर किती एचपीची, चक किती एमएमचा यावर तासभर चर्चा होते. व्हाइसचा विषय निघाला की, "हाताने धरू रे, एकच तर होल आहे!" माझं स्पष्ट मत असं की हा हिशोबच उलटा आहे.

थोडं गणित करून बघा. अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७३ वॅट. ५०० आरपीएमला टॉर्क येतो ७ न्यूटन-मीटरच्या आसपास (लॉसेस तूर्त सोडून द्या). ड्रिल पत्र्यातून आरपार निघताना त्याची धार कडेला अडकते आणि पत्रा ड्रिलबरोबर फिरायला लागतो. सेंटरपासून १० सेंमीवर धरलेल्या बोटांना ७ किलोचा हिसका बसतो. हात सुटला तर तीच कड सेकंदाला ५ मीटर वेगाने, सेकंदात ८ वेळा तुमच्या समोरून जाते! स्विचकडे हात जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हातमोजे घालून वाचू असं वाटत असेल तर तेही विसरा, कारण मोजा ड्रिलमध्ये गुंतला की हातालाच आत ओढतो.

मग घ्यायचा कोणता? दुकानात सगळ्यांना भुरळ पाडतो तो क्रॉस-स्लाइड व्हाइस. दोन्ही दिशांना सरकतो, त्यामुळे अर्धं मिलिंग मशीनच मिळाल्यासारखं वाटतं. पण स्वस्तातल्या क्रॉस व्हाइसच्या स्लाइड्समध्ये प्ले असतो आणि छोट्या मशीनवर चकखालची बरीच जागा तोच खाऊन टाकतो. मिलिंगचा मोह तर नकोच. ड्रिलचा चक बहुतेक वेळा नुसत्या टेपरवर बसलेला असतो, बाजूने जोर आला की तो निसटू शकतो.

माझं मत साध्या, बिडाच्या, १०० एमएम जबड्याच्या ड्रिल व्हाइसला. घेताना चार गोष्टी बघा. तळ सपाट हवा. बोल्टचे स्लॉट आपल्या मशीनच्या टेबलाशी जुळायला हवेत, म्हणून माप घेऊनच दुकानात जा. गोल बार धरायला जबड्यात व्ही आकाराची खाच हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एखादी पट्टी धरून व्हाइस आवळून बघा. सरकता जबडा वर उचलला गेला तर जॉब तिरका बसणार आणि होलही तिरकं पडणार.

आणि हो, व्हाइस टेबलाला बोल्टने आवळायचा, नुसता ठेवायचा नाही! बोल्ट बसतच नसेल, तर निदान एक लांब पट्टी व्हाइसला पक्की करून मशीनच्या खांबाला डाव्या बाजूने टेकवा. ड्रिल क्लॉकवाइज फिरतं, त्यामुळे व्हाइस फिरायला लागला तरी पट्टी खांबावर अडेल.

"इतकी वर्षं असंच तर चाललंय," असं कोणीतरी म्हणणारच. चाललंय खरं, पण फक्त नशिबावर. आणि नशिबाला फॅक्टर ऑफ सेफ्टी नसतो. म्हणून वर्गणी जमली की व्हाइसचे आणि बोल्टचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात मशीन बसवा. मशीन थोडं लहान आलं तर प्रोजेक्ट दोन दिवस उशिरा होईल, एवढंच. बोटं मात्र सबमिशननंतरही लागणार आहेत!