सवलत मिळाली, शिकविणे राहिले

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ आली की शाळांच्या कार्यालयांत एका कागदासाठी धावपळ सुरू होते. मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचे सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र, हा तो कागद. तो हाती असला म्हणजे पेपरला ताशी वीस मिनिटे जादा मिळतात, लेखनिक घेता येतो, एका भाषेतून सूट मिळू शकते, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या दर्जाचे गणित आणि जोडीला कार्यानुभव घेता येतो. महाराष्ट्राने अशा सवलती १९९६ साली देऊ केल्या. केंद्राच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या मुलांचा उल्लेखही नव्हता. तो व्हायला २०१६ साल उजाडले. राज्याला भूषणावह अशीच ही गोष्ट आहे. तथापि जे मूल पंधराव्या वर्षी सरळ परिच्छेद वाचू शकत नाही, त्याच्या शाळेत गेलेल्या नऊ वर्षांत नेमके काय झाले, हा प्रश्न त्या कागदामागे दडून राहतो.

त्या नऊ वर्षांची साक्ष प्रगतिपुस्तकाने द्यावी अशी अपेक्षा असते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागे ठेवू नये असे ठरले. हेतू उदात्त होता. परंतु प्रत्यक्षात मूल दरवर्षी एक पायरी चढत राहिले आणि त्याचे वाचन दुसरीच्याच पायरीवर बसून राहिले. श्रेणीच्या रकान्यात एक अक्षर आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ एवढे तीन शब्द, यांवरून पालकाला काय कळणार? २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि २०२३ साली महाराष्ट्राने ती स्वीकारली. परंतु ज्या पद्धतीने एकदा शिकता आले नाही त्याच पद्धतीने पुन्हा वर्षभर त्याच बाकावर बसविल्याने अक्षरे ओळखू येऊ लागतील, हे मानणे भाबडेपणाचे आहे. पुढे ढकलणे काय किंवा मागे ठेवणे काय, दोन्ही शिकविण्याचे पर्याय नव्हेत.

या मुलांची अडचण आळसाची नसते, बुद्धीचीही नसते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक डोळ्यांना दिसतो, पण वाचताना हाती लागत नाही. जोडाक्षर आले की वाक्य तुटते. गणितात तर आपली संख्यानामेच वाट अडवून उभी राहतात. ४३ लिहिताना आधी चार, म्हणताना आधी तीन. ५९ म्हणजे ‘एकोणसाठ’. त्यात ना पाच ऐकू येतात ना नऊ. २०१९ च्या जूनमध्ये ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोडवाचनाची सोय दिली, तेव्हा महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागील विचार शांतपणे समजावून सांगितला. पण ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. भाषेच्या अभिमानापोटी झालेल्या त्या गदारोळात, ज्या मुलांना ही सोय खरोखरच उपयोगी पडली असती त्यांची आठवण क्वचितच कोणाला झाली.

२००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघर नेला, हे मान्य करावयास हवे. मात्र त्यातून एक गैरसमजही रुजला. एखादा प्रेमळ शिक्षक भेटला की सारे सुरळीत होते, असा तो समज. वस्तुतः हे काम रोजचे, कंटाळवाणे आणि वर्षानुवर्षे चालणारे आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस पगार देऊन नेमावा लागतो.

येथेच प्रश्नाचे आर्थिक अंग उघडे पडते. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक, विषयाची सूट यांचा शासकीय तिजोरीवर म्हणण्यासारखा भार पडत नाही. विशेष शिक्षकाचा मात्र दरमहा पडतो. साहजिकच सवलती आधी आल्या आणि शिक्षक मागे राहिले. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. शिक्षकांचे वेतन त्यातून वेगळे धरले आहे हे खरे, पण साहित्य, उपकरणे, ने-आण अशा साऱ्यांसाठी दिवसाला दहा रुपयेसुद्धा होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. खेड्यांतील शाळेत अशी एक-दोनच मुले असतात. तेव्हा शिक्षक फिरता राहणार, त्याच्या वाट्याला अनेक शाळा येणार, आणि एस.टी.च्या वेळापत्रकावर त्या मुलाचा धडा अवलंबून राहणार.

सवलतीही सर्वांच्या हाती सारख्या पडत नाहीत. प्रमाणपत्रासाठी चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत हवी. वाचनातील अक्षमतेसाठी मराठीसह काही भारतीय भाषांत तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ साली आली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र आठव्या वर्षी, आणि पुन्हा चौदाव्या व अठराव्या वर्षी घेण्याचे ठरविले. शहरातल्या सुशिक्षित पालकाला ही वाट ठाऊक असते. खाजगी शिकवणीचा खर्चही त्याला झेपतो. तालुक्याच्या गावी रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला जिल्ह्याच्या रुग्णालयाची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. त्याच्या मुलावर ‘ढ’ हा शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्यासाठी कोणतेच प्रमाणपत्र लागत नाही.

याचा दोष वर्गशिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाईन माहिती यांतून उरलेल्या वेळात त्याने अख्खा वर्ग सांभाळायचा आणि मागच्या बाकावरच्या एकासाठी वेगळा धडाही बेतायचा, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. एक गोष्ट मात्र शाळेच्या आवाक्यातली आहे. २०१६ च्या कायद्याचे सोळावे कलम प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य संस्थेवर टाकते. जूनमध्ये मूल किती शब्द वाचत होते, दिवाळीच्या सुटीपूर्वी किती, परीक्षेपूर्वी किती. तुलना वर्गाशी नको, त्याची त्याच्याशीच हवी. एवढी नोंद साध्या वहीत होऊ शकते. पालकसभेत शेऱ्याऐवजी ती वही पुढे ठेवली, तर ‘आमचा मुलगा कुठवर आला?’ या प्रश्नाला उत्तर मिळू लागेल. ती वही वाचून पुढचा धडा ठरविणारा जाणकार मात्र वहीतून निर्माण होणार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदे निश्चित करून ती जाहीर करण्याचा आदेश दिला आहे. ही पदे नियमित वेतनावर भरली जातात की अकरा महिन्यांच्या करारावर, याकडे शिक्षक संघटनांइतकेच पालकांनीही लक्ष ठेवावयास हवे. कारण दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षकाला या मुलाचे अक्षर ओळखू येईतो वर्ष संपलेले असते.