बॅटरीवरची चेनसॉ बंद पडली? अर्धं मशीन तुमच्या हातात, अर्धं कुलपात

एका हातात मावणारी छोटी चेनसॉ, सपासप तुटणाऱ्या फांद्या आणि खाली 'लिंक बायोमध्ये'. हे रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. पेट्रोल नको, दोरी ओढायची कटकट नको, आवाजही कमी. कोकणाने २०२० मध्ये निसर्ग आणि २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं पाहिली. दारात आडवं पडलेलं झाड कोण आणि कशाने कापणार, हा तिथे अगदी खरा प्रश्न आहे. त्यामुळे असं मशीन घरात असावं असं वाटणं साहजिक आहे.

पण रील जिथे संपतं तिथून माझा प्रश्न सुरू होतो. हे मशीन बंद पडलं तर दुरुस्त होतं का? राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, या विषयावर सध्या भारतात आणि युरोपात बरंच काही घडतंय. चर्चा मात्र फोनभोवतीच फिरते. आज मी तोच चष्मा लावून चेनसॉकडे बघणार आहे.

एका खोक्यात दोन मशीनं

बॅटरीवरची चेनसॉ म्हणजे दोन मशीनं एकत्र. पहिलं जुन्या पद्धतीचं: चेन, ती ज्यावर फिरते तो बार, दात्यांचं चाक आणि तेल. दुसरं तुमच्या फोनच्या जातीचं: लिथियम-आयन सेल, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट आणि मोटर चालवणारा बोर्ड. पहिल्यातल्या बहुतेक तक्रारी घरी सुटतात. दुसऱ्यातल्या सुटत नाहीत, आणि मशीन जगणार की भंगारात जाणार हे बहुतेक वेळा तेच दुसरं ठरवतं.

आधी घरी काय तपासायचं?

पहिला नियम: चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही. हातात जाड मोजे हवेत.

- सुरूच होत नाही: मोठ्या मशीनवर पुढच्या हाताच्या वर एक ढाल असते, तोच चेन ब्रेक. तो पुढे ढकललेला असेल तर मशीन चालणारच नाही, मागे ओढा. मग बॅटरी 'टक' आवाज होईपर्यंत बसली आहे का आणि तिच्या पट्ट्यांवर भुसा किंवा गंज आहे का ते बघा. लॉक बटण दाबून ठेवल्याशिवाय ट्रिगर चालत नाही, हेही लक्षात असू द्या.
- चालते पण कापत नाही: कापताना काय पडतंय ते बघा. लाकडाच्या बारीक ढलप्या पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट झाली. चेन नवीन असूनही कापत नसेल तर ती उलटी बसली असेल. बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे तोंड करून हवी.
- चेन सैल पडते किंवा उतरते: चेन बारच्या खालच्या कडेला चिकटून हवी, लोंबता कामा नये. तरीही हाताने ओढल्यावर ती सहज फिरली पाहिजे. नवी चेन सुरुवातीला ताणली जाते, म्हणून पहिल्या दिवशी दोनतीनदा तपासा.
- बारमधून धूर किंवा जळका वास: तेल पोचत नाहीये. टाकी बघा, मग बार काढून त्याची खाच आणि तेलाचं भोक साफ करा. तेल येतं का हे पाहायला मशीन पुठ्ठ्यासमोर थोडं अंतर ठेवून चालवा, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. गाडीचं काढलेलं काळं तेल यात ओतू नका. बार साफ करताना तो उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

धार लावायला गोल कानस लागते. कोणत्या मापाची, हे चेनच्या पाकिटावर किंवा पुस्तिकेत असतं. प्रत्येक दात्यावर सारखेच हात मारा, नाहीतर मशीन एका बाजूला ओढत कापेल.

आणि रीलमधलं एका हाताने कापणं विसरून जा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन झटक्यात तुमच्याकडे उसळतं. डोळ्यांवर चष्मा आणि दोन्ही हात मशीनवर हवेतच. उभं झाड तोडायचं असेल तर परवानगीचा नियम आधी बघा. आपल्या शहरी भागांसाठी १९७५ पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे.

धारेचा बॅटरीशी काय संबंध?

थोडं गणित करू. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांच्या चेनसॉच्या बॅटरीत ३६ वॅट-तास, म्हणजे जेमतेम दोन फोनांएवढी. फोन ती ऊर्जा दिवसभर पुरवून वापरतो. समजा कापताना मोटर ६०० वॅट ओढतेय, तर ३६ वॅट-तास चार मिनिटांच्या आत संपतात.

चेन बोथट असेल तर मोटर जास्त करंट ओढते, सेल तापतात आणि लवकर म्हातारे होतात. म्हणजे कानस मारणं ही बॅटरीचीच देखभाल आहे. बॅटरी तापून बंद पडली तर गरम असताना चार्जरला लावू नका, आधी सावलीत थंड होऊ द्या.

आणखी एक गोष्ट. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. असे पाच सेल ओळीने जोडले की सरासरी १८ व्होल्ट, फुल चार्जला २१ व्होल्ट. म्हणजे १८, २० आणि २१ असं वेगवेगळं छापलेल्या बॅटऱ्या आतून सारख्या असू शकतात. '४८ व्ही'ला डझनभर सेल लागतात. ते मुठीएवढ्या पॅकमध्ये मावतील का, तुम्हीच ठरवा.

कुलूप लागतं ते इथे

दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली: पावसाळाभर रिकामी पडून राहिलेली बॅटरी चार्जच होत नाही. सेल ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेले की चार्जर त्यांना नाकारतो. दुसऱ्या बॅटरीची वायर लावून तिला 'जागं' करायचे व्हिडिओ सापडतात, ते करू नका. खोलवर उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुढे चार्ज करताना आतच शॉर्ट होऊ शकतो. उपाय आधीच करायचा असतो: बॅटरी निम्मी चार्ज करून, मशीनमधून काढून, कोरड्या आणि थंड जागी ठेवायची आणि दोनतीन महिन्यांनी बघायची.

दुसरी: लाईट फुल दाखवतो, पण लाकडाला टेकवलं की मशीन बंद. बहुतेकदा पाचातला एक सेल कमजोर झालेला असतो. ओळीतला एक खचला की सर्किट सगळ्यांनाच थांबवतं. म्हणजे चार चांगले सेल एकासाठी कचऱ्यात. सेल बदलणं घरी करायचं काम नाही, त्याला स्पॉट वेल्डिंग आणि जुळणारे सेल लागतात. पण जाणकार कारागीर ते करू शकतो. अडचण अशी, की काही कंपन्यांचं सर्किट बिघाड लक्षात ठेवतं आणि नवे सेल घातले तरी उघडत नाही. मग उरतो नवा पॅक, ज्याची किंमत बऱ्याचदा मशीनच्या किमतीला टेकते.

कायदा कुठे थांबतो?

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रं ठरवली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. त्याचं पोर्टलही आलं. २०२५ मध्ये आणखी एका समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा आराखडा दिला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण खरेदीच्या वेळीच दिसावेत अशी ती कल्पना. त्यात सुरुवात फोन आणि टॅबलेटपासून आहे. चेनसॉ शेतीचं अवजार की इलेक्ट्रॉनिक्स? हातातल्या बॅटरी-अवजारांचं वेगळं नाव त्या चार क्षेत्रांत नाही.

युरोपचा बॅटरी कायदा पुढे गेलाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं ती वाजवी किमतीत मिळाली पाहिजे. सॉफ्टवेअरने अडवणूकही चालणार नाही. छान! पण हा नियम आख्ख्या बॅटरीला लागू आहे, आतल्या सुट्या सेलला नाही. चेनसॉची बॅटरी तर आधीपासूनच निघते. म्हणजे कायदा पॅकच्या प्लॅस्टिकपाशी येऊन थांबतो, आणि बिघाड असतो आत.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी बंद ठेवतो. लिथियम पेटतं, हे खरंच आहे. पण मग कारागिरांना प्रशिक्षण आणि अस्सल सुटे भाग द्या, कुलूप कशाला? 'मेलेला' पॅक घंटागाडीत गेला तर तिथेही आग लागू शकतेच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुरुस्त होणारा पॅक हा त्या कचऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असं मला वाटतं.

चार्जिंग पोर्टच्या बाबतीत हेच झालं होतं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाइप-सी सक्तीचं झालं. अवजारांच्या बॅटरीला असा समान साचा नाही. काही कंपन्यांनी आपापसात एकच बॅटरी वापरायचे करार केलेत, तेवढंच.

विकत घेण्याआधी तीन प्रश्न

१. नुसती बॅटरी सुटी मिळते का, आणि केवढ्याला?
२. चेन आणि बारचं माप मशीनवर किंवा पुस्तिकेत दिलंय का? नसेल तर दुसरी चेन आणणार कुठून?
३. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि तिथे बॅटरी तपासतात की फक्त बदलून देतात?

तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ते मशीन स्वस्त नाही. ते एकदाच वापरायचं मशीन आहे, आणि त्याची खरी किंमत दुसऱ्या पावसाळ्यात कळते.